दारावरचा भोंगा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्या ओवणं.

शुक्रवारची संध्याकाळ होती. ती उंबऱ्याच्या आत बसलेली, मी बाहेर पायरीवर. तिच्या मांडीवर सूप, सुपात लिंबू, हिरव्या मिरच्या, एक बिब्बा आणि कोळशाचा तुकडा. मोतीबिंदू झाल्यापासून तिला तारेचं टोक दिसत नव्हतं, म्हणून ओवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी तार मिरचीतून घालत होतो आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. मी म्हणालो, लिंबाला भिऊन चोर पळत असते तर पोलिसांनी ठाण्यात लिंबाची बाग लावली असती.

"चोरासाठी न्हाईच ते. नजरेसाठी हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, आपल्याला नजर लावायला आपल्याकडं आहे काय? दोन म्हातारी माणसं आणि एक गळका माठ.

"मग तुमचा त्यो भोंगा कशाला टांगलाय दारावर? आन् वाजतोय का तरी?"

भोंगा खरंच वाजत नव्हता. रागाच्या भरात एक मिरची मी उलटी ओवली, देठ खाली आणि टोक वर. तिला डोळ्यांनी दिसलं नाही, पण बोटांनी कळलं. म्हणाली, इतकी वर्षं कंपनीत पत्रे दाबले आणि एक मिरची सरळ ओवता येत नाही. काढा म्हणाली नाही. तशीच घेतली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी नेहमीप्रमाणे मारुतीला तेल घालायला गेलो, परत आलो तर चहा तयार होता. दुपारी भाकरी खाऊन ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. एवढ्या शिक्षणावर त्याला एकच शब्द सापडला.

मग माणसं आली. महाळुंग्यात कुणी गेलं की सगळी येतात, त्यात काही नाही. पण येऊन जे बोलतात ते ऐकवत नाही. सुटली बिचारी, म्हणाल्या बायका. कशातून सुटली? आजारी नव्हती, खाटेला खिळलेली नव्हती. सकाळी अंगण झाडलं होतं तिनं. सुटली म्हणजे काय माझ्यातून सुटली? एका पाहुण्यानं माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की आता देवाचं नाव घ्या. आणि लगेच बाहेर जाऊन फोनवर जमिनीचा सौदा करायला लागला. या सगळ्यात समोरचा गॅरेजवाला तेवढा काही बोलला नाही. मुसलमान आहे, त्याच्या बापापासून आमची ओळख. आला, भिंतीला टेकून बसला, उठून गेला. दिवसभर त्यानं गॅरेजचं शटर खालीच ठेवलं होतं.

आता भोंग्याचं सांगतो.

आमचा मुलगा एकुलता एक. कंपनीत साहेब आहे आणि वाकडला अकराव्या मजल्यावर राहतो. तिथं खिडकी उघडली की दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. इकडं आमच्या मागच्या आळीत लोक लग्नाला गेले असताना चोरांनी एक घर फोडलं, तेव्हा त्यानं ठरवलं की आई-आबांना संरक्षण पाहिजे. स्वतः येऊन राहणं हे संरक्षण नव्हे. संरक्षण म्हणजे दाराच्या आत भिंतीवर एक बटणांची पेटी, खोलीच्या कोपऱ्यात एक पांढरा डोळा आणि बाहेर दारावर, छज्ज्याच्या खाली, भोंगा. त्याला सायरन म्हणायचं. मी भोंगा म्हणतो, कारण कंपनीत पाळी सुटायची तेव्हा वाजायचा तो भोंगा आणि त्याच्यावर पोट भरलं आमचं. याच्यावर कुणाचं पोट भरत असेल तर बसवणाऱ्यांचं.

बसवायला दोन माणसं आली होती. पाठीवर ढालीचं चित्र असलेले टी-शर्ट. ढाल घालून हिंडत होते पण हातोडी माझी मागितली. हा भोंगा असा हुशार की त्याला नुसता धक्का लागला तरी वाजतो, असं सांगून गेले. सगळं मुलाच्या फोनवर दिसायचं. दार उघडलं की तिकडं निरोप, दार लावलं की निरोप. सगळं ठीक असलं की हिरवी खूण. ती गेली त्या दुपारीही त्याच्या फोनवर हिरवी खूणच होती. त्यानंच मला सांगितलं ते. माझ्या डोळ्यांसमोर हिरवं होतं आबा, म्हणाला, आणि रडला. मला त्याची कीव आली आणि त्या फोनची शिसारी.

भोंगा बसवला त्याच दिवशी मुलानं आणखी एक काम केलं. दाराच्या चौकटीला लिंबू-मिरची टांगायचा तिचा खिळा होता, तो पकडीनं उपटला. आई, इतकं चांगलं काम केलंय दारात, त्याच्या शेजारी हे बरं नाही दिसत, म्हणाला. माझे साहेब लोक कधी आले तर काय म्हणतील. त्याचे साहेब लोक आमच्या घरी येतील त्या दिवशी चाकणच्या बाजारात कांदा फुकट वाटतील. पण तिनं खिळा घेतला आणि पदराला बांधला. पुढं दर शुक्रवारी माझ्याकडून ओवून घेत राहिली. कुठं टांगते ते मी विचारलं नाही. मला वाटलं मागच्या दाराला, नाहीतर न्हाणीत.

सुरुवातीला भोंगा वाजायचा. मग हळूहळू त्याचा आवाज बसत गेला. ओरडायचा तो किरकिरायला लागला. ती होती तेव्हाच ढालवाला एकदा येऊन बॅटरी बदलून गेला होता. थोडे दिवस बरं चाललं, परत घसा बसला. शेवटी नुसतं टक् असं व्हायचं, आणि काही नाही.

तेरावा झाला आणि मुलानं मला समोर बसवलं. सून आत भांडी लावत होती, म्हणजे ऐकत होती. तो म्हणाला, आबा, दार फुटलं तर मला वाकडला कळेल, पण मी पोचेपर्यंत काय? भोंगा वाजला तर आळी तरी जमेल. भोंगाच वाजत नाही आणि तुम्ही एकटे. रविवारी मी येतो. तोवर चालू झाला तर राहा इथं. नाही झाला तर सामान बांधायचं, घर कंपनीच्या पोरांना भाड्यानं द्यायचं.

मी म्हणालो, म्हणजे मी कुठं राहायचं ते हा डबा ठरवणार.

"तुम्ही ऐकत नाही ना, म्हणून डब्यावर सोडलंय," तो म्हणाला.

बोलायला माझ्यावरच गेलाय.

अकराव्या मजल्यावर मी राहून बघितलंय. चप्पल काढायला वेगळी जागा, हात धुवायला वेगळी, आणि बोलायला कुठंच नाही. सकाळी सगळे बाहेर पडले की घरात फ्रिज घरघरतो आणि आपण. इथं निदान भिंतीपलीकडं कंपनी आहे, पाळीच्या बस येतात-जातात, पोरं शिव्या देत दूध आणायला जातात. आणि या घरात तिच्या हाताचं सारवण होतं, मग तिनं निवडून आणलेली फरशी आली. ती फरशी कंपनीच्या पोरांच्या बुटांखाली द्यायची? मी कधी नव्हे ते भोंग्याच्या बाजूनं झालो.

ढालवाल्याला बोलावलं. तो आला, खालीच उभा राहिला, पेटीवर बटणं दाबली, फोनकडं बघितलं, वर टक् झालं ते ऐकलं.

"पॅनल गेलं काका."

पॅनल म्हणजे आतली बटणांची पेटी. नवीन मागवावं लागेल म्हणाला, कधी येईल ते वर विचारावं लागेल. मी म्हणालो, वरचं पुढं विचार, आधी वर चढून बघ. तर म्हणतो, उंचीवर चढायची आम्हाला परवानगी नाही, त्याची माणसं वेगळी असतात. उंची किती, तर स्टुलाची. मी स्टूल आणून पुढं ठेवलं. त्यानं स्टुलाचा फोटो काढला आणि गेला. आजपर्यंत मला कळलेलं नाही त्या फोटोचं त्यानं काय केलं.

रविवारी सकाळी मी गॅरेजवाल्याला हाक मारली. वायरीतलं मला एवढंच कळतं की लाल आणि काळी वेगळी ठेवायची. तो गाड्यांचे हॉर्न दुरुस्त करतो, म्हटलं भोंगा त्यांचाच थोरला भाऊ. तो एक बल्ब घेऊन आला, त्याला दोन वायरी जोडलेल्या, आणि काखोटीला मोटरसायकलची बॅटरी.

"चाचा, पॅनल-बिनल काही नाही. भोंगा मेलाय. आपली पैज."

"आधी बघ, मग मर्तिक कर," मी म्हणालो.

त्यानं भिंतीवरची पेटी उघडली. भोंग्याकडं जाणारी वायर जिथं पेटीला स्क्रूनं बसवली होती, तिथं बल्बाच्या वायरी टेकवल्या. मला म्हणाला दाबा. मी दाबलं, बल्ब लख्ख पेटला. म्हणजे पेटी करंट सोडत होती. ढालवाल्यानं जिला मेलेली ठरवलं ती ठणठणीत होती. गॅरेजवाला म्हणाला, बघा, म्हणजे भोंगाच. आता बॅटरी सरळ भोंग्याला लावू, वाजला नाही की पैज मी जिंकलो. तो स्टुलावर चढायला निघाला, मी त्याला बाजूला केलं. त्याचे हात ग्रीसचे, भिंत माझी.

मी वर चढलो. भोंगा आणि छज्जा यांच्यामध्ये तळहाताएवढी फट आहे. खालून ती दिसत नाही. त्या फटीत लिंबू होतं.

वाळून काळं पडलेलं, मिरच्या सुकून वळलेल्या, तार भोंग्याच्या स्क्रूला गुंडाळलेली. त्यात एक मिरची उलटी होती. देठ खाली, टोक वर.

खालून तो विचारायला लागला, काय झालं चाचा, चक्कर आली का. मी म्हणालो, न्हाई, बघतोय.

बघण्यासारखं होतंच. पोरानं दारातून काढलं म्हणून तिनं ते पोराच्या भोंग्याच्याच मागं लपवलं होतं. दर शनिवारी, मी मारुतीकडं गेलो की. गुडघ्यांनी धड जिना चढता येत नव्हता त्या बाईला, आणि ती या डुगडुगत्या स्टुलावर चढत होती, डोळ्यांनी दिसत नसताना, भोंग्याला धक्का न लागू देता हातानं चाचपून जुनं काढत होती आणि नवं बांधत होती. शनिवारी मी परत यायचो तेव्हा स्टूल दारात असायचं. मला वाटायचं, जळमटं काढली असतील. चहा पुढं ठेवायची आणि तोंडावर काही दिसू द्यायची नाही.

मी लिंबू सोडवलं आणि खाली दिलं. गॅरेजवाल्यानं ते दोन्ही हातांत घेतलं.

"चाचीचं?"

"व्हय."

"टाकू?"

"ठेव तिथं."

त्यानं ते खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

मग मी भोंग्याचे स्क्रू काढून तो पुढं ओढला. मागं भिंतीच्या भोकातून वायर येत होती. ती अपुरी पडली म्हणून ढालवाल्यांनी तिला दुसरा तुकडा जोडला होता. जोडला म्हणजे नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी. पट्टी सुटून लोंबत होती आणि पीळ उघडा पडला होता. बरोबर त्याच्यावर लिंबाचा रस ठिबकत आला होता, दर आठवड्याच्या लिंबाचा, चिकट काळे ओघळ भिंतीवर दिसत होते. तांबं हिरवंगार झालेलं. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, त्यावर चढतो तसला हिरवा रंग. बोट लावलं तर पीळ भुसा होऊन खाली पडला.

म्हणजे असं झालं होतं. ज्या लिंबानं घर राखायचं, त्यानंच घर राखणाऱ्या भोंग्याचा गळा धरला होता. आणि ढालवाल्यांनी धड जोड दिला असता, तर लिंबाच्या बापालाही ते जमलं नसतं.

गॅरेजवाल्याला पैजेचं भान होतंच. त्यानं बॅटरी वर दिली आणि भोंग्याच्या वायरी तिला टेकवायला सांगितलं. मी टेकवल्या. मेलेला भोंगा असा केकाटला की मी स्टुलावरून पडता पडता राहिलो. कुत्री उठली. पलीकडच्या खोलीतला एक जण अंगाला साबण लावलेला तसाच टॉवेल गुंडाळून आला. मी वायरी सोडल्या.

"मेलाय म्हणालास न्हवं?"

"चाचा, आजकाल मेलेलेच जास्त बोंबलतात," तो म्हणाला आणि कडेला जाऊन विडी पेटवली.

पुढचं काम फार नव्हतं. सडलेला भाग कापला, पातीनं तांबं खरवडून लाल केलं, त्यानं गॅरेजमधून डाग द्यायचं यंत्र आणून जोड पक्का केला आणि वर चांगली पट्टी गुंडाळली. भोंगा जागेवर बसवला, आतून बटण दाबलं, वाजला. बंद केला. परत वाजवला. त्या दिवशी मला तो आवाज गोड लागला, एवढी वाईट वेळ आली होती माझ्यावर.

संध्याकाळी मुलगा आला. गाडीच्या मागच्या सीटवर पुठ्ठ्याचे खोके दुमडून ठेवलेले दिसले मला. सामान बांधायला आणले होते. माझी भांडी, तिची लुगडी, सगळं त्या खोक्यांत घालून अकराव्या मजल्यावर चढवायचं होतं. मी आत जाऊन बटण दाबलं. भोंगा आळीभर बोंबलला. मुलानं कानावर हात ठेवले आणि फोनकडं बघितलं, म्हणजे फोननं हो म्हटल्यावरच त्याला वाजल्याची खात्री पटली.

"काय झालं होतं?"

"जोड कच्चा होता. तुझ्या माणसांनी नुसती चिकटपट्टी मारलेली."

"पण तो तर पॅनल गेलं म्हणाला."

"त्याला वर बघायची परवानगी न्हाई."

मी खोटं काही बोललो नाही. लिंबाचं तेवढं बोललो नाही. बोललो असतो तर तो हसला असता. वाईट मनानं नाही, आईचं ते आईचं म्हणून हसला असता. मग घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं, तिनं बहिणीला, बहिणीनं आणखी कुणाला, आणि माझ्या बायकोची गंमत अकराव्या मजल्यावर चहाबरोबर वाटली गेली असती. तेवढ्यासाठी ती स्टुलावर चढली नव्हती.

तो जेवला. पिठलं केलं होतं मी, गुठळ्यांचं. त्यानं गुठळ्या काढल्या नाहीत, खाल्ल्या. जाताना म्हणाला, ठीक आहे आबा, राहा. पण रोज फोन उचलायचा. खोके मात्र ठेवून गेला, कधी लागले तर म्हणून. मी एकात कांदे भरले. बाकीचे गॅरेजवाल्याला दिले, तो त्यांच्यावर पसरून गाडीखाली झोपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि कठड्यावरचं ते वाळलेलं लिंबू घेऊन तिठ्यावर गेलो. कंपनीच्या फाट्याचा तिठा, ती जुनं तिथंच टाकायची. टाकून मागं न बघता यायचं असतं. मी टाकलं आणि बघितलं. मला कोण विचारणार आहे? पाळीची बस आली आणि त्यावरून गेली. आतली पोरं खिडकीला डोकी टेकून झोपली होती.

येताना भाजीच्या गाड्यावरून लिंबू-मिरची घेतली. गाडेवाली म्हणाली, बाबा, तयार ओवलेली शनिवारी मिळेल, आज सोमवार हाय. मी म्हणालो, मला आजच पाहिजे. घरी पायरीवर बसून ओवली. बिब्बा तिच्या डब्यात होता, कोळसा चुलीत. डोळ्यांतून पाणी आलं, मिरचीचं होतं की कसलं ते सोडा. मग तिची लुगडी काढली आणि एकेकाचा पदर चाचपला. खिळा एका पदराच्या गाठीत अजून होता, जरा वाकलेला.

भोंग्यापासून लांब, चौकटीच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी खिळा धरला आणि हातोडी मारली. दुसऱ्याच घावाला चौकट हादरली आणि भोंगा केकाटायला लागला. धक्का लागला की वाजतो, हे ढालवाल्यांनी सांगितलेलं तेवढं खरं निघालं. समोरून गॅरेजवाला हातात पाना घेऊन धावत आला, मला बघून तिथंच थांबला. खिशात फोन वाजायला लागला. मुलगा.

"आबा, काय झालं? सायरन दाखवतंय."

"खिळा ठोकतोय."

"कसला खिळा?"

"तू उपटला होतास त्यो."

भोंगा डोक्यावर बोंबलत होता.

"आईचा?"

"मग कुणाचा असणार?"

मग भोंगा एकदम थांबला. त्यानं तिकडून बंद केला होता.

"आता ठोका," तो म्हणाला. "मी बंद ठेवलाय."

मी ठोकला.